सर्वोत्कृष्ट कर्मचारी श्री. आबा

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. नाही, तुमचे चेहरेच सांगतायत की तुम्ही हसणार. मग हसा बापडे! आमच्या यार्डात कुणी हसलंसुद्धा नाही, तेच तर माझं दुखणं आहे. एक जण जरी फिस्सकन हसला असता ना, तर ‘अहो, मी गंमत करत होते’ म्हणून मी सुटले असते.

न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात माझी पहिली नोकरी. जहाजातून उतरलेले कंटेनर आमच्याकडे येतात, त्यांच्या थप्प्या लागतात, कागदपत्रं होतात आणि मग ते ट्रेलरवर बसून देशभर जातात. मी मनुष्यबळ खात्यात. खातं म्हणजे मी, एक टेबल आणि एक पंखा. पंखा माझ्याकडे वळला की कागद उडायचे, पलीकडे वळला की मी घामाने निथळायचे. पण मनात केवढे विचार! कॉलेजातून ताजी ताजी बाहेर पडले होते. कामगाराला न्याय द्यायचा, तोही याच आठवड्यात, अशी माझी घाई.

आणि संधी चालून आली. आमचे गुजराती मालक शेठ आठवड्यातून एकदा वाशीहून यायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, “बेन, कंत्राटवाल्यातून ह्या वर्षी एक माणूस कायम करायचा. एकच. कोण चांगला काम करतो ते तुम्ही मोजून सांगा.”

“कसं मोजायचं शेठ? प्रत्येकाचं काम वेगळं.”

“एमां शूं? त्यात काय, डबे मोजा!” कंटेनरला यार्डात डबा म्हणतात. “ज्याचे डबे जास्त, तो कायम.”

“आणि कॅन्टीनच्या सुरेखामावशी?”

“तिचे जेवणाचे डबे मोजा.”

“आणि गेटवरचे पाटीलकाका?”

शेठ जरा अडखळले. “ए तो उभा राहतो ने? किती वेळ उभा राहिला ते मोजा.”

आता सांगा, माझं रक्त उसळेल की नाही? क्रेन चालवणारा, स्वयंपाक करणारी, राखण करणारा. तिघांना एकच फूटपट्टी! गेटवर चोरी झाली नाही, तर ती न झालेली चोरी कुठल्या डब्यात मोजायची? मी विचार करकरून एक मापन शोधून काढलं. साधं, सुंदर, क्रांतिकारक. प्रत्येकाला एकच विचारायचं: ज्याच्याशिवाय तुझं काम अडतं, असा यार्डात कोण? आणि मग भरवसा, हजेरी, स्वभाव यांचे गुण द्यायचे, शंभरपैकी.

वर एक कडक नियम. पद सांगायचं नाही! नुसतं नाव. पद ऐकलं की आपले डोळे आपोआप वर किंवा खाली बघतात. साहेब म्हटलं की मान वर, हमाल म्हटलं की खाली. माझ्या मापनात सगळे सारखे!

या नियमानेच घात केला. पण तेव्हा मला तो नियम इतका आवडला होता, की रस्त्यावरच्या माणसालाही थांबवून सांगावासा वाटत होता.

पहिले पाटीलकाका. उंच, मिशीवाले, वाडवडील इथल्याच मिठागरांत काम करणारे. मिठागरं गेली, त्यावर यार्ड आलं, आणि काका गेटवर आले.

“काका, कुणाशिवाय तुमचं काम अडतं?”

“आबाशिवाय.” विचार नाही, काही नाही. फाडकन उत्तर.

“आबा?”

“व्हय. आपला आबा. तो आमचा—”

“थांबा! पद सांगायचं नाही!”

“पद?” काका गोंधळले. “बरं, न्हाय सांगत.”

“काम काय करतात तेवढं सांगा.”

“राखन. मॅडम, मी गेटवर हाय खरा, पन राखन त्याची. खाडीच्या बाजूला कुंपन मोडलंय, तुमाला ठाव हाय. तिकडनं कधी एक खिळा तरी गेला? तो हाय म्हनून.”

“रात्रीसुद्धा असतात?”

“म्हंजे काय! दिवसा, रात्री, पावसात. जागा सोडत न्हाय.”

माझ्या अंगावर शहारा आला हो. मोडक्या कुंपणापाशी एकटा माणूस, पावसात! आणि आपण काय करतो? पंखा फिरला नाही तर कुरकुरतो!

“दांडी?” मी विचारलं.

काका माझ्याकडे बघतच राहिले. “आबा? दांडी?” आणि त्यांनी चक्क कानाला हात लावले.

पुढे दिनेश. हा क्रेनवर. पोरगं तिशीचं, हुशार, कंत्राटावर. याची कथा अख्ख्या यार्डाला पाठ. थळची एक मुलगी त्याला पसंत, त्याला ती पसंत, पण मुलीच्या बापाचं एकच टुमणं: “पोरगा कायम हाय का? झाला की या, तारीख काढू.” म्हणजे शेठचं ते एक पद म्हणजे दिनेशचं लग्न! मला वाटलं, हा स्वतःचंच नाव सांगेल. सांगितलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

“दिनेश, खरं सांग. कुणाशिवाय अडतं?”

“आबाशिवाय, मॅडम.”

“तूसुद्धा?”

“सकाळी क्रेनवर चढायच्या आधी त्याला सांगून येतो. मग दिवसभर टेन्शन नाय. एकदा न सांगता चढलो, तर डबा असा झुलला ना! खाली माणसं होती. तेव्हापासून आबाला विचारल्याबिगर बटन दाबत नाय.”

“गुण किती देशील?”

“आपण कोण त्याला गुण देणार? पूर्ण लिवा.”

स्वतःचं लग्न पणाला लागलेलं असताना हा मुलगा दुसऱ्याला पैकीच्या पैकी देतो! आणि आबा? क्रेनच्या सुरक्षेचं बघतात, राखणही करतात! किती खात्यांचं काम एका माणसावर लादलंय!

कॅन्टीनच्या सुरेखामावशींनी तर कळसच केला.

“अगो बाय, आबाचं काय इचारतेस? त्याच्यामुलं तर हात चालतो माझा.”

“जेवायला येतात का इथे?”

“छ्या! काय मागत न्हाय बिचारा. वरसातनं एकदा कोंबडं, तेपन त्याच्या नावानं कापायचं आनि आमीच खायचं.”

“म्हणजे ते खात नाहीत?”

“समद्यांना दिलं की पावलं त्याला.”

तुम्ही असा माणूस पाहिलाय का? मी नव्हता पाहिला. कॉलेजात आम्ही ‘त्याग’ या विषयावर निबंध लिहायचो, आणि इथे एक जण वर्षातून एकदा मिळणारं कोंबडंसुद्धा सहकाऱ्यांना वाटून टाकत होता!

“मावशी, ते आहेत तरी कधीपासून?”

“यार्ड नव्हतं, मिठागर होतं, तवापासून. माज्या आज्यानंबी त्याला बगितलाय.”

मी मनात म्हटलं, कोकणातली माणसं वर्षं कुठे मोजतात? पण साठी नक्की उलटली असणार. मग मी कार्यालयात येऊन हजेरीपट पाहिला. आबा नावाचं कुणी नाही! ठेकेदाराकडे चौकशी केली. तो म्हणाला, “आबा आमच्याकडे नाहीत, ते पहिल्यापासूनच तिथे आहेत.”

पहिल्यापासून आहेत, आणि नोंद नाही! पगार नाही, विमा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही! माझ्या डोक्यात जे काही पेटलं ना, त्यावर मावशींचा भात शिजला असता.

आता तुम्ही म्हणाल, बये, जाऊन भेटायचं की एकदा! खरंय. पण माझं तत्त्व आड आलं. मूल्यमापन करणाऱ्याने उमेदवाराला भेटायचं नाही. चेहरा पाहिला की माणूस पाघळतो. मी पाघळणार नव्हते.

शेठ आले त्या दिवशी मी सरळ आत घुसले.

“शेठ, आबांवर अन्याय होतोय.”

शेठांनी चहाचा कप खाली ठेवला. “कोण म्हणतो?”

“अख्खं यार्ड. त्यांच्या जिवावर तुमचा धंदा चालतो. तुम्ही त्यांना काय दिलंत?”

शेठांचा चेहरा पडला. “वर्षाने एक नारळ…”

“नारळ! फक्त नारळ?”

“बेन, मारी भूल. पप्पा होते तेव्हा पप्पा स्वतः यायचे आबाकडे. मी वाशीला गेलो, ते राहूनच गेलं.” त्यांचे डोळे पाणावले होते. मी थक्क! भांडवलदार इतक्या लवकर विरघळतो, हे मला कुठल्याच प्राध्यापकांनी शिकवलं नव्हतं.

लोखंड तापलंय म्हटल्यावर मी घाव घातला. “आबांना कायम करा.”

“आबा तो कायमच छे ने!”

“तोंडी नको. कागदावर! नियुक्तीपत्र द्या. जाहीर सत्कार करा.”

“कागदावर?” शेठ माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, की मलाच कसंतरी झालं. “आजपर्यंत असं कोणी केलं नाही.”

“म्हणून तर करायचं!”

“तुमची श्रद्धा मोठी छे, बेन. करा.”

कष्टकऱ्यांवरची श्रद्धा, असं मी समजले. मान ताठ करून बाहेर आले.

बाहेर दिनेश उभा. माझी ताठ मान तिथेच वाकली. त्याला सांगणं भाग होतं.

“दिनेश, वाईट वाटून घेऊ नकोस. तू दुसरा आलास. पहिले आबा.”

दिनेश दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, “आबाच्या मागं लगेच मी? मॅडम, एवढं मोठं बोलू नका, बाधेल मला.”

“पण जागा त्यांना मिळतेय. तुझं लग्न…”

“आबाचं आधी. मग आपलं तो बघंल.”

असे सहकारी! अशी निष्ठा! त्या दिवशी मला वाटलं, मी यार्डात नाही, संतांच्या मेळ्यात नोकरीला आहे.

सत्काराची तयारी सुरू झाली. मी पाटीलकाकांना म्हटलं, “मंचावर आबांसाठी मोठी खुर्ची ठेवा.”

“मॅडम, आबा जागचा हलनार न्हाय. कार्यक्रम तिकडंच करावा लागंल.”

“सत्कारालाही पॉइंट सोडणार नाहीत?”

“कसा सोडंल?”

शाल आणायची म्हणून मावशींना विचारलं, अंगाने कसे आहेत? “ठेंगना हाय. अंगावर काय घेत न्हाय. पन तू शाल घातलीस तं साजंल हां त्याला.” हा साधेपणा! मी गुपचूप सगळ्यांत भारी शाल घेतली. फलकावर लिहून घेतलं: ‘सर्वोत्कृष्ट कर्मचारी श्री. आबा यांचा जाहीर सत्कार’. फलक रंगवणाऱ्याने वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्यावरून तरी मला कळायला हवं होतं की नाही?

सत्काराची सकाळ. मी सगळ्यांच्या पुढे. यार्डाच्या पार टोकाला, कंटेनरच्या थप्प्यांमागे, खाडीच्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते. थप्प्या ओलांडल्या आणि पाहते तर मोकळी स्वच्छ जागा. जुन्या मिठागराचा बांध, त्यावर उंडीचं झाड, झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड, त्याला चांदीचे डोळे. मी हात जोडले आणि इकडेतिकडे पाहिलं.

“काका, आबा कुठेत?”

“हे काय, समोर.”

मी समोर पाहिलं. दगडाच्या मागे पाहिलं. कुणी नाही. मग मी झाडाला वळसा घालून पलीकडे गेले, न जाणो, बिचारे लाजून झाडामागे उभे असतील! पलीकडे खाडी. पुन्हा पुढे आले. आबा नाहीत. आणखी एक वळसा घातला. तेव्हा मागे पावलांचा आवाज आला म्हणून वळले, तर पाटीलकाका, मावशी, दिनेश, ड्रायव्हर, क्लार्क, चपला काढून, हात जोडून, अर्धं यार्ड माझ्या मागून प्रदक्षिणा घालत होतं! सगळ्यांत शेवटी शेठ, अनवाणी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी पालीची आहे हो! बल्लाळेश्वराच्या गावात लहानाची मोठी झाले. आमच्या गावात देव बघायला लोक लांबलांबून येतात, आणि मला समोरचा देव दिसला नाही! मी त्याचा भविष्य निर्वाह निधी शोधत होते!

‘माफ करा, चूक झाली’ हे शब्द ओठांवर आले. पण तेवढ्यात दिनेशने कुणाला तरी खूण केली आणि यार्डातली एकेक क्रेन बंद झाली. ट्रेलरची इंजिनं थांबली. त्या यार्डात मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. उंडीची पानं हलताना ऐकू आली, खाडीचं पाणी बांधाला लागताना ऐकू आलं. एवढाले लोखंडी डोंगर गप्प उभे, आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याएवढा आबा. विश्वास ठेवा, माझ्या अंगावर काटा आला. बोलायची हिंमतच होईना.

पाटीलकाका भरल्या आवाजात म्हणाले, “लई साहेब आले नि गेले. कुनी आबाला मान्साचा मान दिला न्हवता. या पोरीनं दिला.”

आता बोला! यानंतर कुठल्या तोंडाने सांगू, की मला आबा खरंच माणूस वाटला होता?

“पत्र वाचा, बेन,” शेठ म्हणाले.

वाचलं. करणार काय?

“प्रिय श्री. आबा. आपण आजवर एकही रजा घेतली नाही. आपल्याविरुद्ध एकही तक्रार नाही. सर्व विभागांतील सहकाऱ्यांनी आपणांस शंभरपैकी शंभर गुण दिले आहेत.” मावशी पदराने डोळे पुसत होत्या. “सबब आपणांस कायम करण्यात येत आहे. रुजू होताना आपण आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो…” इथे मला जोराचा खोकला आला. वैद्यकीय तपासणीचा परिच्छेद मी त्या खोकल्यातच गिळला.

शाल पांघरली. मावशी म्हणाल्या तशी साजली मात्र.

मग शेठांनी डोकं खाजवलं. “पण बेन, ती एक जागा कायमची होती, ती तर आबाला दिली. पगार कोणाच्या नावे टाकायचा? आबाच्या हाताखाली कोणी तरी पाहिजे ने?”

सगळ्यांनी दिनेशकडे पाहिलं. दिनेशने जमिनीकडे.

“मला कशाला विचारता शेठ?” मी पुटपुटले. “माझं मापन संपलं.”

“बरोबर!” पाटीलकाका म्हणाले. “आबालाच इचारू. कौल लावू.”

कौल म्हणजे काय, माहीत असेलच. फुलाच्या ओल्या पाकळ्या देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी, जिने शास्त्रशुद्ध मूल्यमापनासाठी घसा कोरडा केला, ती मी तिथे शाल सरळ करत उभी होते, कारण पाकळी चिकटवायला शाल आड येत होती!

काकांनी पाकळ्या लावल्या. “आबा, तुझ्या पदरी हा दिनेश घ्यायचा का? कायम—”

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली.

काय आरडाओरडा झाला! कुणीतरी क्रेनचा भोंगा वाजवला. दिनेश आधी आबाच्या पाया पडला, मग शेठच्या, मग चुकून फलक धरणाऱ्याच्या, आणि मग बांधावर चढून थळला फोन लावू लागला. त्याच्या होणाऱ्या सासऱ्याचा आवाज आम्हाला इकडेपर्यंत ऐकू आला: “आबानं दिलाय कौल? मग कागुद कशाला बगायचा? या!”

माझेही डोळे भरून आले. इतक्यात शेठ उत्साहाने म्हणाले, “पाटील, कौल लागतोच आहे तर एक अजून विचारा. आपल्या बेनचं प्रोबेशन ह्या महिन्यात संपतं. त्यांना कायम करायचं का?”

“शेठ!” मी ओरडले. “हे अशास्त्रीय आहे! मूल्यमापनाला काही निकष असतात!”

“मॅडम, शूऽऽ,” दिनेश फोनवर हात ठेवून म्हणाला.

काकांनी नव्या पाकळ्या चिकटवल्या. प्रश्न घातला. सगळे श्वास रोखून उभे.

उजवी पडेना. डावीही पडेना. खाडीवरून चांगला वारा आला, उंडीची पानं सळसळली, शालीचे गोंडे हलले. पाकळ्या जागच्या जागी!

“काका, काय म्हणतायत आबा?” मी विचारलं. ‘म्हणतायत’ म्हणाले मी, ऐकलंत ना?

काकांनी वाकून दोन्हीकडून निरखून पाहिलं. “म्हनतोय, अजून बगतो.”

“किती दिवस बघणार?”

“त्याला काय घाई हाय? घाई तुमाला.”

शेठांनी मान डोलावली आणि तिथल्या तिथे माझं प्रोबेशन वाढवलं.

आता दाद मागायची तर कुणाकडे, तुम्हीच सांगा. माझं मूल्यमापन करणारे एकदम निःपक्षपाती आहेत, दांडी मारत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, आणि त्यांना शंभरपैकी शंभर गुण आहेत, असं प्रमाणपत्र खाली माझी सही करून मीच दिलंय ना!